तेराव्या खुर्चीवरच्या काकी

राष्ट्रीय फुटबॉल महासंघाच्या कचेरीत मी टंकलेखिका होते. तिथे खरा दरारा कुणाचा, असं कुणी विचारलं असतं तर मी बेधडक सांगितलं असतं, धुलाईखोलीतल्या काकींचा. स्टेडियमच्या पायऱ्यांखाली त्यांची खोली होती. दोन यंत्रं, एक लांबलचक इस्त्रीचं टेबल, आणि भिंतभर फळ्यांवर नंबरवार लावलेल्या जर्सी. मोज्यांचा बोळा तसाच धुवायला टाकणाऱ्याची त्या गय करत नसत, मग तो कर्णधार का असेना.

बावीस वर्षं त्यांनी हे काम केलं. कार्यकारिणी बसायची त्या वरच्या मजल्यावर त्या जायच्या फक्त पडदे धुवायला काढायला.

मग एक दिवस जागतिक संघटनेचं पत्र आलं. तुमच्या घटनेप्रमाणे कार्यकारिणीत तेरा जागा आहेत, तुम्ही बाराच भरता, तेरावी भरेपर्यंत यंदाचं अनुदान मिळणार नाही. अध्यक्षांचं धाबं दणाणलं. त्यांनी महासंघाची घटना मागवली, तर ती सापडायलाच दोन दिवस गेले. तेरावी जागा निघाली साहाय्यक कर्मचाऱ्यांची, आणि त्यांनी ती आपल्यातून निवडून द्यायची होती. लिहिणाऱ्याने लिहून ठेवलं होतं, पण त्या पानापर्यंत कुणाची मजलच गेली नव्हती.

साहाय्यक कर्मचारी म्हणजे आम्ही सहा जण. दोन माळी, रखवालदार, बसचा चालक, काकी आणि मी. बुटांच्या रिकाम्या खोक्यात चिठ्ठ्या टाकल्या. पाच मतं काकींना पडली, एक चालकाला. ते एक आपलं स्वतःचं, हे काकींनी तिथल्या तिथे कबूल केलं. वर जाऊन मला बोलता यायचं नाही, असं त्या म्हणाल्या, तेव्हा थोरल्या माळ्याला हसू आवरेना. बावीस वर्षं तो त्यांची बोलणी खात आला होता.

घरी मात्र त्या खरंच धास्तावल्या होत्या. नवरा शिंपी, मितभाषी माणूस. तो म्हणाला, "समजलं नाही तर विचार. मी न विचारता कुणाच्या पँटची उंचीसुद्धा धरत नाही."

पहिल्या बैठकीला काकी इस्त्रीची साडी नेसून आल्या आणि टेबलाच्या टोकाला बसल्या. इतिवृत्त लिहायला मी त्यांच्या शेजारीच होते. खजिनदार अंदाजपत्रक वाचू लागले. निवृत्त बँक मॅनेजर, माणूस सज्जन, पण वाचण्याचा वेग असा की आकडे कानाला नुसते चाटून जायचे. त्यातच एक ओळ आली. महिला संघ, गणवेश, खर्च शून्य, रक्कम आतिथ्य खात्यात वर्ग.

काकींनी हात वर केला.

आमच्या मुली पुरुष संघाच्या जुन्या जर्सी घालून खेळायच्या, हे सांगायला हवं. गोलकीपरच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या असायच्या, आणि मैदानाच्या डाव्या बगलेवरून धावणारी पोरगी एका हाताने चड्डी सावरत धावायची. दर सामन्याआधी काकी सुईदोरा घेऊन एकेक जर्सी शिवून आत घेत बसायच्या आणि वरच्या मजल्याचा उद्धार करायच्या.

वर्ग म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. खजिनदारांनी नीट समजावलं, की एका खात्यात न वापरलेले पैसे वर्षअखेरीला दुसऱ्या खात्यात टाकतात. गेली सहा वर्षं या खात्याचं असंच चाललं होतं.

"पण खर्च का नाही झाला?"

"मागणीच आली नाही."

"मागणी कुणी करायची?"

खजिनदारांनी चष्मा पुसला, नियम उलटले. "गणवेश विभागप्रमुखांनी."

"ते कोण?"

अध्यक्षांनी खजिनदारांकडे पाहिलं, खजिनदारांनी माझ्याकडे. कर्मचाऱ्यांची यादी दर वर्षी मीच टंकायची, त्यामुळे सांगणं माझ्यावर आलं. "काकी, तुम्हीच."

त्यांचा चेहरा आधी उतरला. क्षणभर लाज वाटली, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. मग ओठांच्या कडा हलल्या. "म्हणजे सहा वर्षं मी माझीच वाट बघत होते," त्या म्हणाल्या, आणि सगळी बैठक खदखदून हसली. खजिनदार सगळ्यात जास्त.

त्यांनी माझ्याकडून कोरा कागद घेतला आणि तिथेच मागणी लिहायला घेतली. तेवीस मुली, प्रत्येकीचं माप तोंडपाठ. एका सदस्याने हरकत घेतली, की हा पैसा यंदा पाहुण्यांच्या मेजवानीला ठरलाय. मग काकींच्या मागणीवर मतदान झालं. सहा बाजूने, सहा विरुद्ध. सगळ्यांच्या नजरा काकींकडे वळल्या, तर त्या मान खाली घालून लिहीतच होत्या.

"काकी, तुमचं मत?" अध्यक्षांनी विचारलं.

"अहो, मी मागणी लिहितेय ना," त्या वर न बघता म्हणाल्या. ठराव मंजूर झाला.

तरी कापड कापण्याआधी माप पुन्हा घ्यायचंच, असा शिवणाऱ्याचा, म्हणजे काकींच्या नवऱ्याचा, आग्रह पडला. म्हणून तो टेप घेऊन आला, धुलाईखोलीच्या दाराबाहेर पाठ फिरवून खुर्चीत बसला आणि आतून काकी ओरडतील ते आकडे लिहीत राहिला. गोलकीपर हात पसरून उभी राहिली ती माप घेऊन झाल्यावरही हात खाली घेईना. माझ्या हाताची लांबी आजवर कुणी विचारलीच नव्हती, असं ती म्हणाली.

नव्या गणवेशातला पहिला सामना पावसाने भिजलेल्या मैदानावर झाला. काकी पहिल्यांदाच सदस्यांच्या रांगेत, अध्यक्षांशेजारी बसल्या होत्या. डाव्या बगलेची पोरगी आता दोन्ही हात मोकळे सोडून सुसाट निघाली, चेंडूसाठी तिने अंग झोकलं आणि पांढऱ्याशुभ्र चड्डीसकट चिखलातून पार रेषेपर्यंत घसरत गेली. अध्यक्ष चुकचुकले. काकी मात्र उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

"आता हे सगळं धुणार कोण?" अध्यक्षांनी हळूच विचारलं.

"मीच, पण सोमवारी," काकी म्हणाल्या. "आज मी कार्यकारिणीत आहे. जरा सरका, कॉर्नर दिसत नाहीये."