साखरेवरची लाल फुली

कराडजवळच्या आमच्या प्राथमिक शाळेत मागे एकदा नेदरलँड्सहून एक तरुणी आली. मुलांना सकस आहार शिकवायला, तेही फुकट. हेडमास्तरांनी शाल-श्रीफळ देऊन तिचं स्वागत केलं आणि दुभाषी म्हणून मला तिच्यामागे लावून दिलं. शाळेतल्या शिक्षकांत माझं इंग्रजी त्यातल्या त्यात कमी वाईट होतं.

पहिले काही दिवस मजेत गेले. तिच्या चित्रांत ब्रोकोली, अ‍ॅव्होकॅडो आणि कुठलासा गुलाबी मासा होता. "हे रोज खा," ती सांगायची. मी मराठीत म्हणायचे, "मेथी खा, शेंगदाणे खा, अंडं खा." ती खूश, मुलं खूश.

मग एका सकाळी तिने दुसरीच्या मुलांना तोंडं उघडायला लावली. बहुतेकांच्या दाढा काळ्या. फळ्यावर तिने साखरेचं पोतं काढलं, त्यावर लाल फुली मारली आणि म्हणाली, "शुगर इज पॉयझन." इथे माझी गरजच पडली नाही. दोन्ही शब्द मुलांना टीव्हीने आधीच शिकवले होते.

आता आमच्या गावात ऊस सोडून दुसरं पीक शोधायला दिवस जाईल. शाळेचं शेडसुद्धा कारखान्याच्या देणगीतून उभं राहिलेलं. दुसऱ्या दिवशी तीन पालक दारात हजर. पुढे एक निवृत्त सुभेदार, मिशा ताठ.

"आवं मॅडम, नात सकाळी च्याला शिवली न्हाई. साखर इष हाय म्हनती. मग आमी रानात इष पिकवतो व्हय?"

हेडमास्तरांना घाम फुटला. "गैरसमज झालाय आबा. बसा, आधी चहा घ्या."

चहा आला. सुभेदारांनी कपाकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "माझा बिनसाखरेचा सांगा. डॉक्टरनं बंद केलीया."

"माझाबी," दुसरे म्हणाले. तिसऱ्यांनी नुसता कप बाजूला सरकवला.

पाहुणीने मला विचारलं, काय चाललंय? मी सांगितलं. मला हसू आवरत नव्हतं, ती मात्र हसली नाही. "मग मी काय चुकीचं शिकवलं?" तिचा प्रश्न या वेळी मी शब्दाला शब्द लावून पोचवला.

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. "चुकीचं न्हाई वो. पन ते फळ्यावर कशाला काढायचं?"

ते जाताच हेडमास्तरांनी स्वतः फळा पुसला आणि पाहुणीला नवा विषय दिला, हात धुणे. उरलेले दिवस तिने तोच शिकवला. इतक्या रागाने कुणी हात धुवायला शिकवलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

निरोपाच्या दिवशी गावाने तिला भेट दिली. काय, तर पाच किलो साखर. तीही सुभेदारांच्याच हस्ते. तिने पिशवी घेतली, आभार मानले आणि मला विचारायला सांगितलं, "तुमची नात आता चहा घेते का?"

"कुठली! दूध मागती, तेबी बिनसाखरेचं," सुभेदार म्हणाले. "लय हट्टी हाय." रागवायचं होतं त्यांना, पण आवाजात कौतुकच आलं.

मी सांगितल्यावर ती खळखळून हसली. मग गाडीत बसली आणि निघून गेली. साखरेची पिशवी टेबलावरच राहिली. मुद्दाम की चुकून, कोण जाणे. संध्याकाळी हेडमास्तर ती स्कूटरला अडकवून घरी घेऊन गेले.