लोखंडावरची काच

आमच्या घरात भांडी नेहमी माझ्या नवऱ्यानं घासली. कौतुक म्हणून सांगत नाही, ते ठरलेलंच होतं. कॅनडातल्या पहिल्याच हिवाळ्यात मी ह्यांना स्पष्ट सांगितलं होतं की पोळ्या मी लाटणार असेन तर खरकटं तुम्ही काढायचं, भांड्याला बाई मिळायला ही काही सांगली नाही. हे फाउंड्रीत इंजिनिअर होते. दिवसभर ओतीव लोखंडाशी झटापट करून यायचे आणि जेवणं झाली की बाह्या दुमडून सिंकपाशी उभे राहायचे. मी शेजारी ओटा पुसायचे. आमची सगळी भांडणं तिथेच झाली. मी ऐकून घेणारी बाई नाही, एकाला दोन उत्तरं दिल्याशिवाय माझं जेवण पचत नाही, हे माहेरी आणि सासरी दोन्हीकडे सगळ्यांना ठाऊक आहे.

गेल्या फेब्रुवारीत ह्यांना स्ट्रोक आला. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय अर्धा गेला आणि बोलणं पार गेलं. हळूहळू वॉकर धरून चालायला लागले. एप्रिलमध्ये एक-एक शब्द यायला लागला. वॉटर. येस. नो. टायर्ड. उन्हाळा येईपर्यंत तीन-चार शब्दांची वाक्यं जुळायला लागली, आणि ती सगळी इंग्रजी. मराठीचं एक अक्षर नाही. मी मराठीत बोलले की सगळं कळायचं, हसण्याच्या जागी हसायचेसुद्धा, पण उत्तर इंग्रजीत. स्पीच थेरपिस्ट मुलगी गोड होती. ती म्हणाली, दोन भाषा येणाऱ्या माणसांचं कधीकधी असं होतं; एक भाषा आधी परत येते, दुसरी मागून येते, किंवा येतही नाही. तुम्ही मात्र घरात मराठीतच बोलत राहा.

मी बोलत राहिले. मला काय, बोलायला कुणी सांगावं लागत नाही. पण किचनर गावात राहणाऱ्या आमच्या मुलीला फोनवर रडत सांगितलं तर ती म्हणाली, "आई, ही इज टॉकिंग. बी हॅपी." तिचंही चूक नव्हतं. ती लहानपणापासून बाबांशी इंग्रजीतच बोलत आली, तिचे बाबा तिला परत मिळाले होते.

मला नव्हते मिळाले. एक दिवस चहाचा कप पुढे ठेवला तर हे म्हणाले, "थँक यू." चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात मी तो शब्द ह्यांच्या तोंडून स्वतःसाठी कधी ऐकला नव्हता. आमच्यात बायकोला कुणी थँक यू म्हणतं का? चहा पाणचट झालाय म्हणावं, साखर टाकायला विसरलीस म्हणावं. मी वॉशरूमचं दार लावून आत बसून राहिले. घरात कुणी सभ्य पाहुणा उतरल्यासारखं वाटत होतं, आणि पाहुण्याशी भांडता येत नाही.

हाताचे व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी विचारलं, ह्यांना घरातलं कुठलं काम करायची सवय होती? मी म्हटलं, भांडी. त्या खूशच झाल्या. कोमट पाण्यात, साबणाच्या फेसात उजवा हात बुडवून प्लास्टिकचे पेले घासायला द्या म्हणाल्या. आता ह्यांना दोन मिनिटांपेक्षा जास्त उभं राहवत नव्हतं, आणि खुर्ची घेतली तर आमच्या सिंकखालच्या कपाटाला गुडघे आपटायचे. म्हणून खालून मोकळं असलेलं सिंक बघायला आम्ही आमच्या व्हिटबी गावाहून थेट ब्रॅम्पटनच्या एका शोरूममध्ये गेलो. तिथे तशी सिंकं होती, स्टीलची, लांब दांड्याच्या नळांची. ह्यांनी एक नजर टाकली, "हॉस्पिटल," म्हणाले आणि वॉकर दाराकडे वळवला. मला राग आला, पण म्हणणं खोटं नव्हतं. तिथे उभं राहिलं की आता कुणीतरी आपल्याला हातमोजे देईल असं वाटत होतं.

मग मुलीनंच एक जागा शोधून काढली. किचनरच्या बाहेर एक जुनं धान्याचं कोठार आहे, तिथे पाडलेल्या घरांतलं सामान विकतात. मी नाकच मुरडलं. दुसऱ्याच्या घरातलं, कुणीकुणी खरकटं धुतलेलं सिंक मी माझ्या स्वयंपाकघरात आणायचं? पण मुलगी गाडी घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा गेले.

आत शिरले आणि दारातच थबकले. एका भिंतीला ओळीनं सिंकं उभी होती, वीस-पंचवीस तरी असतील, सगळी पांढरी. कोठारात दिवे नव्हते म्हटलं तरी चालेल, फळ्यांच्या फटींतून येईल तेवढाच उजेड, पण तो सगळा उजेड त्या सिंकांनी घेतला होता. मधलं एक सिंक चार लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेलं होतं. माझ्या दोन्ही हातांच्या कवेत मावणार नाही एवढं रुंद. मधे उथळ, मोठं भांडं, दोन्ही बाजूंना भांडी निथळायला पन्हळींचे उतार, मागे वीतभर उंच पाठ, आणि पुढे दोन पाय. खाली कपाट नाही, काही नाही, नुसती मोकळी जागा. मी तळवा ठेवला. पावसात भिजलेल्या दगडासारखं गार लागलं, आणि गुळगुळीत किती म्हणून सांगू.

दुकानाचा म्हातारा मालक शेजारी येऊन उभा राहिला. मी विचारलं, हे चिनी मातीचं का? तो म्हणाला, नाही, आत ओतीव लोखंड आहे. लोखंड तापवून लाल करायचं, त्यावर काचेची बारीक पूड चाळणीनं भुरभुरायची, ती वितळते आणि लोखंडाला धरून बसते. म्हणजे ही काच आहे, लोखंडावरची. मी बघतच राहिले. जन्मभर लोखंड ओतणाऱ्या माणसाबरोबर राहिले आणि हे मला कधी सुचलं नव्हतं विचारायला. त्यानं मला वाकून खालची बाजू बघायला लावली. तिथे लोखंड तसंच काळं, खडबडीत होतं, आणि ते ओतलं ते वर्ष त्यात उठवलेलं होतं. माझ्या वडिलांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

हे सिंक एकाच शेतघरात होतं म्हणे, घर पाडेपर्यंत. ह्यात कोंबड्या साफ केल्या, बटाटे धुतले, पोरं न्हाऊ घातली. पुढच्या गोल काठावर एका जागी चमक थोडी कमी होती. ती कशानं, विचारलं तर त्यानं स्वतः पुढे होऊन काठाला पोट टेकवून दाखवलं. तिथे उभ्या राहिलेल्या बायका. एकामागून एक किती असतील देव जाणे, सगळ्यांनी तिथेच पोट टेकवलं, आणि काच झिजली ती एवढीच. मीही त्या जागी उभी राहून काठाला पोट टेकवलं. मुलगी विचारत होती, आई, आर यू ओके? दुसऱ्याचं खरकटं वगैरे मी कुठल्या कुठे विसरून गेले. भाव न करता मी घेतलेली ती आयुष्यातली पहिली वस्तू असेल. निघताना म्हाताऱ्यानं बजावलं, साधा साबण आणि मऊ फडकं, बाकी काही लावायचं नाही. मी हो हो म्हटलं.

ब्रॅम्पटनचा एक पंजाबी प्लंबर तीन माणसं घेऊन ते आणून देणार होता. उचलतानाच त्याचा चेहरा उतरला, "आंटीजी, ये सिंक है या टँक?" म्हणाला. पण गॅरेजमध्ये दोन लाकडी घोड्यांवर ते नीट टेकवल्यावर तोही त्यावरून हात फिरवत उभा राहिला. परवा येऊन बसवतो, अंकलजींच्या खुर्चीच्या मापानं थोडं खाली घेऊ, असं सांगून गेला.

हे वॉकर सरकवत गॅरेजमध्ये आले. मी बाजूला झाले. ह्यांनी कान काठाजवळ नेला आणि डाव्या हाताच्या बोटाच्या पेरानं सिंकवर टकटक केलं. फाउंड्रीतली सवय ती. तडा गेलेलं ओतकाम बद्द वाजतं, अखंड असेल तर नाद निघतो. नाद निघाला. एवढ्या जाड लोखंडातून इतका बारीक, लांबणारा नाद येईल असं मला वाटलं नव्हतं. ह्यांनी परत वाजवलं, परत ऐकलं. आठ महिन्यांत ह्यांचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता. मी कुणाला बोलले नव्हते, पण माझ्या मनात तेच होतं. सिंक हातासाठी घेतलं खरं, पण लोखंड समोर आलं की ह्यांच्या तोंडून मराठी येईल, अशी वेडी आशा मी धरून बसले होते.

"गुड कास्टिंग," हे म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "व्हेरी गुड कास्टिंग."

मी हो म्हटलं आणि घरात येऊन कुकर लावला. कुकर लावताना रडू आलं ते आलंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे झोपले होते. उद्या दसरा. नवी वस्तू घरात येणार तर हळदकुंकू लावण्याआधी लख्ख नको? नळाच्या भोकाखाली गंजाचा एक तांबूस ओघळ होता, तो माझ्या डोळ्यांत खुपत होता. साबणानं निघेना. म्हाताऱ्याचं बोलणं आठवत होतं, पण मनात म्हटलं, ह्या लोकांना घासणं काय माहीत. देवाची भांडी, समया मी जन्मभर चिंचेनं घासत आले, सोन्यासारख्या निघतात. वाटीभर चिंच भिजवली, मीठ घातलं, ओघळावर जाड थापली आणि दोन तास तशीच ठेवली. मग घासून धुतली.

गंज फिका झाला होता. आणि चिंच होती तेवढ्या जागी काचेची चमक गेली होती. बोट फिरवलं तर खरखर लागली. सगळ्या सिंकवरून उजेड सरळ वाहत होता आणि त्या पट्ट्याशी येऊन विझत होता. मी पुन्हा धुतलं, खोबरेल चोळलं, काही उपयोग नाही. शंभर वर्षांत त्या बायकांनी, कोंबड्यांनी, पोराबाळांनी जे केलं नाही, ते मी एका दुपारी करून ठेवलं.

तेवढ्यात वॉकरचा आवाज आला. मी घाईघाईनं फडकं टाकलं त्यावर, पण ह्यांच्या नजरेतून लोखंडाचं काही सुटत नाही. डाव्या हातानं फडकं काढलं. पट्ट्यावरून बोट नेलं, परत आणलं. वाटीतली चिंच बघितली, माझे हात बघितले. चेहरा लाल झाला, मानेची शीर तटतटली. मला वाटलं, मेले, ह्यांना पुन्हा स्ट्रोक येतो आता माझ्यापायी.

"अगं," हे म्हणाले.

ह्यांचे ओठ नुसतेच हलत होते.

"अगं, चिंच कशाला लावलीस?"

मग थांबलेच नाहीत. काच आहे ती, म्हणाले, काच, तिला आंबट चालत नाही. आंबट म्हणायचं होतं, तोंडून गोड आलं. स्वतःच चिडले, पुन्हा गोडच आलं. लोखंडाला एकदा दूध म्हणाले. अर्धी वाक्यं कुठल्या कुठे जात होती. पण अक्कल हा शब्द मात्र दोनदा अगदी स्वच्छ आला. मी चिंचेच्या हातांनी तशीच उभी. प्रत्येक वाक्याला माझ्याकडे उत्तर तयार होतं. गंज काय मी लावला होता, केलं कुणासाठी, इतकं कळतं तर आधी सांगायचं होतं. एकही दिलं नाही. मुकाट्यानं सगळं ऐकून घेतलं, आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या त्या पुसल्याही नाहीत.

शेवटी दम लागून हे थांबले. मला वाटलं, संपलं की काय, आता पुन्हा इंग्रजी सुरू होणार की काय. म्हणून मी वाटीतली उरलेली चिंच उचलली आणि सिंककडे हात नेला.