काठोकाठ भरलेला कॅन

कॅन काउंटरवर आदळला आणि मी तो दोन्ही हातांनी धरला, कारण तो पार बुचापर्यंत भरलेला होता. अडीच लिटरचा कॅन. लॅबमध्ये मी चोवीस तासांची लघवी मोजायला लागून तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली होती, पण असा काठोकाठ कॅन कुणी आणल्याचं मला आठवत नव्हतं. आणि पेशंट कोण, तर एक्केचाळीस किलो वजनाची राजश्री. पंखा मोठा केला तर हलेल अशी.

"मोजून घ्या बाई," तिची सासू इंदाक्का म्हणाली. "एक थेंब कमी न्हाई."

मी मापाच्या सिलिंडरमध्ये ओतून बघितलं. खरंच एक थेंब कमी नव्हता.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन होते. राजश्री जवळच्याच गडमुडशिंगी गावची. लग्नाला सहा वर्षं झालेली, मूल नव्हतं. चार वर्षांपासून तिला लुपस होता. लुपस म्हणजे शरीराचं रक्षण करणारी व्यवस्थाच शरीरावर उलटते. आधी तिचे सांधे दुखले, मग गालांवर लाल चट्टे आले, मग किडनीवर गेलं. अशी किडनी फाटक्या गाळणीसारखी होते आणि रक्तातली प्रथिनं लघवीतून वाहून जातात. किती जातात ते बघायला चोवीस तासांची सगळी लघवी एका कॅनमध्ये साठवतात.

त्या शनिवारी मुंबईचे किडनीतज्ज्ञ कोल्हापूरला येणार होते. महिन्यातून एकदाच यायचे. राजश्रीचा नंबर दोन महिन्यांनी लागला होता. त्यांची एक अट होती, फाईल पूर्ण हवी आणि चोवीस तासांचा रिपोर्ट त्याच आठवड्यातला हवा. त्यावरून ते ठरवणार होते की चालू स्टिरॉईडच्या गोळ्या पुरेशा आहेत, की कडक इंजेक्शनांचा कोर्स सुरू करायचा. त्या इंजेक्शनांनी किडनी वाचते, पण पुढं मूल होईलच याची खात्री राहत नाही. हे राजश्रीला माहीत होतं. तिनं मला कॅन नेताना विचारलं होतं, "ताई, रिपोर्ट चांगला यायला आदल्या दिवशी काय खाऊ?" मी म्हणाले होते, रोज खातेस तेच खा.

कॅन देताना मी सगळ्यांना सांगते ते त्या दोघींनाही सांगितलं. सकाळी सहाची पहिली लघवी टाकून द्या. त्यानंतरची प्रत्येक वेळची कॅनमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाची शेवटची, तीही कॅनमध्ये. लोक हमखास अर्धी बाहेर सोडतात आणि "सगळी हाय" म्हणून छातीठोक सांगतात. त्या आठवड्यात असे तीन कॅन परत पाठवून माझं डोकं फिरलेलं होतं. म्हणून मी वर दम भरला होता, "कमी आणलीत तर मोठे डॉक्टर फाईल उघडणारसुद्धा नाहीत. एक थेंब कमी चालणार नाही." हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते अजून आठवतं आणि आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

तर मंगळवारी कॅन आला. मी तो हलवून त्यातलं थोडं काढलं आणि कामाला लागले. फॉर्मवर साखरही तपासायला सांगितली होती. तेव्हा आम्ही बेनेडिक्टच्या द्रावणानं बघायचो. परीक्षानळीत हे निळं पाणी घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे, तापवायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, मग विटकरी, अशी साखर वाढत जाते.

नळी पिवळी झाली.

मी पुन्हा केलं. पुन्हा पिवळी. स्टिरॉईडनं साखर वाढू शकते, हे मला ठाऊक होतं. म्हणून राजश्रीच्या फाईलमधला चारच दिवसांपूर्वीचा रक्ताचा रिपोर्ट काढला. उपाशीपोटीची साखर उत्तम. जेवणानंतरचीही उत्तम. रक्तात नाही ती साखर लघवीत कुठून आली? मला वाटलं, द्रावण बिघडलं. बाथरूमला जाऊन आले आणि स्वतःचीच तपासली. निळी राहिली. मग वाटलं, कॅनमध्ये आधी कुणाचं सरबत होतं की काय. पण कॅन मीच धुऊन दिला होता.

दुपारी क्रिएटिनिनचा आकडा आला आणि उरलीसुरली अक्कलही गेली. आमचे सर, म्हणजे लॅबचे डॉक्टर, चष्मा कपाळावर चढवून तो आकडा बघत राहिले.

"ही पेशंट पैलवान आहे का?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, एक्केचाळीस किलो.

क्रिएटिनिन हा स्नायूंचा कचरा. घरात माणसं किती, त्यावर केराची बादली किती भरणार हे जसं ठरलेलं असतं, तसा प्रत्येक माणसाचा रोजचा कचरा साधारण ठरलेला असतो. राजश्रीच्या अंगावर मांसच नव्हतं. तिच्या कॅनमध्ये मात्र दुपटीहून जास्त कचरा होता. सर म्हणाले, दोन दिवसांची एकत्र केलेली दिसते, परत आणायला सांगा. मला ते पटलं. लघवी कमी पडेल या भीतीनं दोन दिवस साठवली असणार. पण मग साखरेचं काय? सर म्हणाले, साखरेचं नंतर बघू. सरांना कळत नसलं की ते असंच म्हणायचे.

त्याच संध्याकाळी राजश्री नवऱ्याबरोबर दुसरा कॅन न्यायला आली. मी जरा चिडूनच विचारलं, दोन दिवसांची भरलीत का? तिनं मान हलवली. नाही, सहा ते सहाच. नवऱ्यानंही तेच सांगितलं. दोघांचे चेहरे इतके भाबडे होते की मला खोटं शोधता येईना. साखर सापडल्याचं ऐकून मात्र राजश्रीचा चेहरा उतरला. तिच्या घरच्या डॉक्टरांना सरांनी फोन केला, तर ते म्हणाले, स्टिरॉईडचाच प्रताप असणार, आता गोळ्या कमी कराव्या लागतील आणि इंजेक्शनं सुरू करावीच लागतील. फोनचा आवाज मोठा होता. तिनं समोर बसून ते सगळं ऐकलं.

गुरुवारी सकाळी दुसरा कॅन आला. काठोकाठ. यावेळी नळी सरळ विटकरी झाली. क्रिएटिनिन पहिल्याहून थोडं जास्तच. रक्त परत तपासलं, साखर उत्तम. मी केमिकलची बाटली बदलली, नळ्या बदलल्या, शेवटी माझ्यावरच संशय घेऊन सरांना करायला लावलं. त्यांचीही विटकरी. सर म्हणाले, या रिपोर्टवर मी सही करणार नाही, आणि केबिनमध्ये जाऊन बसले. सही नाही म्हणजे रिपोर्ट नाही. रिपोर्ट नाही म्हणजे शनिवारचा नंबर वाया. पुढचा पुन्हा कधी, कोण जाणे.

मला त्या दिवशी इतकं गोंधळल्यासारखं झालं होतं की डबासुद्धा खाल्ला नाही. चार वाजता तिसरा कॅन पिशवीत घातला, लुना काढली आणि गडमुडशिंगीला गेले. म्हटलं, एकदा ते घरच बघून येऊ.

घर गावाच्या कडेला. दारात चार म्हशी. धारा काढायची वेळ झालेली. इंदाक्का गोठ्यातून बाहेर आली, पायरीवर बसली आणि तांब्यानं पाणी प्यायली. एक तांब्या झाला, दुसरा झाला. तिच्या पायाच्या अंगठ्याला हळद माखलेली चिंधी बांधलेली होती. काय झालं विचारलं तर म्हणाली, ठेच लागलीया, महिना झाला, बरं हुईना. मी मान हलवली आणि राजश्रीला घेऊन आत गेले. मला त्या अंगठ्याशी काही देणंघेणं नव्हतं.

आत मी राजश्रीला परत पहिल्यापासून विचारलं. दिवसात किती वेळा जातेस? चार-पाच वेळा. दर वेळी कॅनमध्येच? हो. कॅन कुठं ठेवतेस? न्हाणीत, कोपऱ्यात. मग ती थांबली. पदराच्या टोकाशी चाळा करत हळू म्हणाली, "ताई, मी आत जाते तेव्हा कॅन आधीपेक्षा भरलेला असतोय. वाटलं, गोळ्यांमुळं मलाच ध्यानात राहत न्हाई. कुणाला विचारायचं? लाज वाटली."

दारात इंदाक्का उभी होती. तिनं ऐकलं होतं. ती काही लपवायच्या बेतातच नव्हती.

"मी भर घालतो त्यात," ती म्हणाली. "तिचं येवढंसं हुतंय. दिवसाला किटलीचा तळ झाकंना. डेरीत अर्धी किटली नेली तर तिथला माणूस काय म्हणतोय ठावं हाय? म्हस आटली म्हणतोय. तुमचा ममईचा डॉक्टर तसंच म्हणंल की, किडनी आटली. आन तुमीच सांगितलं, थेंब कमी चालायचा न्हाई."

मी पिशवीतल्या रिकाम्या कॅनकडं बघितलं.

"पाणी न्हाई हां घातलं," तिनं खुलासा केला. "आमच्या दुधात बी कधी पाणी नसतंय. माझंच घातलं."

मला हसू येत होतं आणि रागही येत होता, पण राग इंदाक्कावर नव्हता. चोवीस तासांचे नियम मी हजार माणसांना सांगितले होते. बाहेर सांडू नका, विसरू नका, टाकू नका. दुसऱ्या कुणाची आत घालू नका, हे एकदाही सांगितलं नव्हतं. सांगावं लागेल असं वाटलंच नव्हतं. डेरीला दूध घालणाऱ्या घरात माप कमी पडलं की तोंड लपवावं लागतं. म्हातारीनं सुनेची अब्रू राखली होती. तीही सुनेला न सांगता, कारण तिला सांगितलं असतं तर ती ओशाळली असती.

मी हिशोब जुळवू लागले. दुप्पट कचरा, कारण माणसं दोन. हे सुटलं. मग साखर कुणाची?

मी इंदाक्काकडं बघितलं. तिच्या हातात तिसरा तांब्या होता. मग अंगठ्यावरची चिंधी बघितली. महिनाभर बरी न होणारी ठेच. आणि अडीच लिटरचा कॅन तिनं लीलया भरला होता. इतका वेळ सगळं माझ्यासमोर होतं आणि मी काचेच्या नळीत डोकं घालून बसले होते.

"आक्का," मी म्हणाले, "शनिवारी तुम्हीपण या. चहा न पिता. तुमचं रक्त घ्यायचंय."

"मला काय धाड भरलीया?" ती म्हणाली.

राजश्री माझ्याकडं बघत होती. तिला माझ्याआधी कळलं असावं. ती सासूजवळ गेली आणि म्हणाली, "आत्ती, माझ्यासाठी या." इंदाक्कानं तांब्या खाली ठेवला आणि मान डोलावली.

शुक्रवारी कॅन न्हाणीत न ठेवता राजश्रीनं स्वतःच्या खोलीत ठेवला. शनिवारी सकाळी सात वाजता तो माझ्या काउंटरवर होता. पाऊण लिटरच्या आसपास. इंदाक्कानं पदरानं कॅन झाकून आणला होता. तसा अर्धाअधिक रिकामा कॅन काउंटरवर ठेवताना ती इकडंतिकडं बघत होती.

नळी तापवली. मिनिट झालं, दोन मिनिटं झाली. निळीची निळी राहिली. मी ती उचलून राजश्रीला दाखवली. ती रडायला लागली. क्रिएटिनिन एक्केचाळीस किलोला शोभेल असं आलं. प्रथिनं जात होती, पण तीन महिन्यांपूर्वी जात होती त्यापेक्षा बरीच कमी. सरांनी सही केली. साडेअकराला फाईल पूर्ण झाली आणि बाराला तिचा नंबर होता. मोठ्या डॉक्टरांनी गोळ्या तशाच ठेवल्या. इंजेक्शनं सहा महिने पुढं ढकलली, तेव्हा बघू म्हणाले. मूल होईल असं ते म्हणाले नाहीत. होणार नाही असंही म्हणाले नाहीत. राजश्रीला तेवढं पुरलं.

इंदाक्काच्या रक्तातली साखर उपाशीपोटी इतकी जास्त निघाली की सरांनी मला पुन्हा करायला लावली. यावेळी मला द्रावणाचा संशय आला नाही. त्याच दुपारी दोघींना मधुमेहाच्या डॉक्टरांकडं पाठवलं. त्यांनी अंगठ्यावरची चिंधी सोडून बघितली आणि म्हणाले, आणखी दोन महिने काढले असते तर पाऊल कापावं लागलं असतं.

तीन महिन्यांनी दोघी आल्या. अंगठा भरून आला होता. यावेळी फाईल इंदाक्काची होती आणि ती राजश्रीच्या काखेत होती. तिनं शाळेच्या वहीत सगळं लिहून आणलं होतं. कुठली गोळी कधी, पाणी किती, पायाला मुंग्या केव्हा येतात, डॉक्टरांना काय काय विचारायचं. चार वर्षं स्वतःच्या फाईलसाठी जे शिकली होती, ते सगळं सासूच्या कामी आलं. इंदाक्का बाकावर बसून कुरकुरत होती की सून तिला चहात साखर घालू देत नाही.

त्या शनिवारनंतर लगेच सोमवारी मी आमच्या सूचनांच्या कागदावर एक ओळ वाढवली होती. कॅनमध्ये फक्त पेशंटचीच लघवी असावी, घरच्या कुणी भर घालू नये. सर वाचून म्हणाले, असं कुणी करतं का, हे लिहायला कशाला पाहिजे? मी म्हटलं, सर, ज्या बाईनं केलं तिचा पाय वाचलाय. ओळ राहू दे.