अगाथा मावशी बर्फासाठी थांबली

अगाथा हालकेट एक्याऐंशीव्या वर्षी बालवाडीत जाऊ लागली, शिकवायला. त्याआधी साठ वर्षं तिने माशांची जाळी विणली आणि सात पोरं वाढवली. तिच्या स्वतःच्या शाळेबद्दल सांगायचं तर, सहाव्या वर्षी तिला जबरदस्तीने सरकारी वसतिशाळेत नेलं. तिथे आम्हा कॅनडातल्या आदिवासींच्या क्री भाषेत बोललं की हातावर पट्टी बसायची. म्हणून बालवाडीच्या हायडीबाई आमच्या रीतीप्रमाणे तंबाखूची पुडी घेऊन विचारायला आल्या, तेव्हा मावशीने पुडी ठेवून घेतली, पण उत्तर चार दिवसांनी दिलं.

"येते. पण बोलणार क्रीतच."

सप्टेंबरभर पोरं जाळ्याची गाठ शिकली. चुकलेली गाठ ती सोडवायला लावायची, चार वर्षांच्या पोरालाही. मी तिला रोज ट्रकने सोडायचो, मला ते पटायचं. एकतीस वर्षं मी लाकूड कापायच्या गिरणीत होतो. वाकडी फळी तिथे चालत नाही.

मग हायडीबाईंनी हौसेने पालकांना चिठ्ठ्या धाडल्या: चौदा ऑक्टोबरला अगाथा आजी थोरल्या भावाच्या गोष्टी सांगणार. थोरला भाऊ म्हणजे आमच्या गोष्टींतला खोडकर.

मावशीने विचारलं, "बर्फ पडलाय?"

"नाही. का हो?"

"मग नाही सांगायच्या. जमीन पांढरी झाल्यावरच सांगायची रीत. कॅलेंडरला काय कळतंय, बाई!"

हायडीबाई लाल झाल्या. पण चिठ्ठ्या परत घेऊन नव्या लिहिल्या: बर्फ पडेल त्या दिवशी.

इथेच घोळ होता. सहा नोव्हेंबरला मावशीला हृदयाच्या ऑपरेशनसाठी सॅस्कटून शहरात न्यायचं होतं. डॉक्टरांनी खात्री दिली नव्हती. "त्याआधी सांगायच्यात," असं ती मला एकदाच म्हणाली.

ऑक्टोबर कोरडा गेला. पोरं रोज सकाळी काचेला नाक लावून उभी. मला राहवेना. स्केटिंगच्या मैदानावर यंत्राने खरवडलेला बर्फाचा चुरा बाहेर टाकतात. तो मी ट्रकच्या दोन खेपा करून बालवाडीच्या अंगणात पसरला.

मावशी दारात थांबली. "एमिल, हा आभाळाने टाकला का?"

"मी टाकला."

"मग गोष्ट पण तूच सांग."

पोरं खिदळली. सगळा चुरा मी फावड्याने परत भरला. दोन दिवस कंबर धरली होती.

सहा तारखेला न्यायला गाडी आली तेव्हा साडेआठ झाले होते आणि बारीक भुरभुर सुरू होती. ड्रायव्हर व्हर्नला मावशी म्हणाली, "आधी बालवाडी."

अंगणात गवत दिसत होतं. ती कोटासकट खिडकीशी बसली. नऊ वाजले. सव्वानऊ. व्हर्न दोनदा घड्याळ दाखवून गेला. भुरभुर दाट झाली. मग पोरं एकदम उसळली, "मिस्पुन! मिस्पुन!" बर्फ पडतोय, असं क्रीत ओरडत. त्यांत हायडीबाईंचा मुलगा सगळ्यांत मोठ्याने.

"गवत?" मावशीने विचारलं.

"नाही दिसत!"

"नीट बघा."

पोरं धावत जाऊन कुंपणापर्यंत बघून आली. एक काडीसुद्धा नाही!

तिने कोट काढला. "मावशी, पाच तासांचा रस्ता आहे," व्हर्न म्हणाला.

"बूट काढ आणि बस."

दोन गोष्टी झाल्या, पूर्ण. एकही शब्द गाळला नाही. पोरं हसून हसून लोळली, व्हर्नही. मग ती उठली, स्वतःच गाडीत चढली. व्हर्न गाडी काढताना विचारत होता, "त्या अस्वलाचं पुढे काय झालं?"

"पुढे बघून चालव," मावशी म्हणाली. "सांगते."