झाकणावरचा हात

आमच्या मामाला मधमाश्या चावत नाहीत, तो त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलतो, अशी गल्लीत आवई आहे. साफ थाप. चावतात, आणि अशा चावतात की मागच्या आठवड्यात त्याचा डावा कान फुगून मुठीएवढा झाला. मामी म्हणाली, "मोठा झालाय, आता तरी माझं ऐकू येईल."

आणि भाषा म्हणाल तर ती मोटार शिकवण्याची. तोच त्याचा धंदा. त्यामुळे गच्चीवर मधपेटीपुढे उकिडवा बसूनही तो नाकातून, सूर लांबवत म्हणतो, "सावकाऽश... घाई नाही... आधी आरसा बघा, मग निघा." ही नक्कल मी केली की मामी हातातलं काम टाकून हसते. मामा हसत नाही. म्हणतो, "आरसा मी एकदाच म्हणतो."

हौसेची पेटी एकच. उन्हाळा लागला, फुलं संपली, गच्ची तव्यासारखी तापली. जागा मानवली नाही की मधमाश्या राणीसकट बिऱ्हाड हलवतात. मामाला धास्ती तीच. त्याने पेटीवर ओलं गोणपाट टाकलं, साखरेचं पाणी ठेवलं, छत्री बांधली. इथवर ठीक. पण आहेत की गेल्या, हे बघायला तो उठसूट झाकण उघडायचा. शिकणाऱ्यांना "गिअरकडे बघू नका, तो कुठे जात नाही" म्हणून झापणारा माणूस हा.

मामी म्हणाली, "तुम्ही झोपलात की मी पांघरूण ओढून विचारते, आहात ना? बघू किती दिवस नांदता."

शेवटी पेटी देणाऱ्यानेच फोनवर बजावलं, "रविवारपर्यंत हात लावू नका. सारखं उघडलं की बिचकतात त्या."

"तुला नाही जमायचं," मी म्हटलं.

"लाव पैज. हरलीस तर उन्हाळाभर गच्चीवर पाणी तू चढवायचं."

लावली. मला वाटलं, संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकणार नाही.

शनिवारी भर दुपारी गच्चीवर घरघर ऐकू आली. धावत गेले. पेटीच्या तोंडातून माश्या भळाभळा बाहेर पडत होत्या, टाकीवर त्यांचा ढग फिरत होता. मामा दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभा.

"मामा, काहीतरी कर ना."

"काय करू?" तो म्हणाला. मग हळूच, "मी उघडलं नाही हं."

ढग समोरच्या छपरावरून सरकला, पातळ झाला, दिसेनासा झाला. मामा अजून तिकडेच बघत होता.

"आता तरी उघड."

"रविवारपर्यंत सांगितलंय."

रविवारी उघडली. चौकटींत रिकामं पोळं, आणि तळाशी वाट चुकल्यासारख्या फिरणाऱ्या चार-दोन माश्या.

"हरलीस," मामा म्हणाला.

"हरले. किती आणू पाणी?"

त्याने गोणपाट चाचपलं. वाळून कडक झालं होतं.

"एक बादली आण."

मी आणली.