हंबीररावांच्या आतड्याची रेघ

हंबीररावांचं पोट साफ होईपर्यंत आमच्या गल्लीत कुणी मोठ्यानं बोलायचं न्हाई. कसबा बावड्यात त्यांची नि माझी भिंत एकच, त्यामुळं वीस वर्षं सगळं कानावर. पहाटे पाचला आरोळी, "शालू, ऊन पाणी!" मग दोन तास यांची आत बैठक आणि बायको शालूबाई दाराबाहेर तांब्या घेऊन उभी. त्या तांब्यापायी बिचारी माहेरी एक रात्र ऱ्हायली न्हाई.

गडी साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर कारकून. पोटात कळ आली तरी दाबून बसायचा आणि वर मिशी पिळायचा, "काटा सोडून हंबीरराव उठत न्हाई!" अरे, पण तुला धरून कुणी ठेवलंतं?

अठ्ठ्याण्णव साली पेठ वडगावला शालूबाईच्या भाचीचं लग्न निघालं. बाईनं पहिल्यांदाच हट्ट धरला, चार दिवस जाणार. हंबीरराव म्हणाले, "माझं आतडं मेलंय. डॉक्टर जित्तं हाय म्हणू देत, मग खुशाल जा."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तारा लावलेली नळी खालनं आतड्यात सोडली. आतड्यात वीज खेळली की यंत्राच्या कागदावर रेघ उसळायची. आधी उपाशीपोटी बघायचं, मग जेवू घालून. जेवल्यावर रेघ वाढली तर आतडं धड.

रेघ उपाशीपोटीच उड्या मारत होती, जेवल्यावरही तेवढीच. "जेवणानं काही फरक नाही. आतडं सुस्त दिसतंय," बाई म्हणाल्या. हंबीररावांना काय आनंद झाला! शालूबाईचे डोळे भरले. चारचौघांत नवऱ्यापुढं कधी तोंड न उघडलेली ती बोलली, "बाई, ह्यांनी येताना दूधकट्ट्यावर, म्हशी पिळून देत्यात तिथं, धारोष्ण दूध पिलंय. दोन गिलास."

"मग? दूध म्हंजे काय खाणं हाय?" हंबीरराव उसळले. "उपासाला चालतंय की!"

दुसऱ्या दिवशी खरोखर उपाशी ठेवून तपासलं. जेवण पोटात गेलं आणि रेघ ताडकन उठली. "आतडं ठणठणीत आहे," बाई म्हणाल्या. "ते हाक मारतं, तुम्ही उठत नाही." शालूबाईनं तिथनंच एसटी स्टँड गाठलं.

तिसऱ्या सकाळी पलीकडनं आरोळी न्हाई. सहाला आत गेलेला गडी सव्वासहाला बाहेर! मी विचारलं, "मोकळं झालं व्हय?"

"व्हय," इकडंतिकडं बघत म्हणाला, "पर शालूला सांगू नगासा."

ती परतली. दुसऱ्या पहाटे पाचला पुन्हा, "शालू, ऊन पाणी!"

मी उठून बसलो. भिंतीपलीकडनं शालूबाईचा शांत आवाज आला, "आतडं जित्तं हाय न्हवं? मग हात बी असतील. घ्या की."