तोंडपाठ रेषा

आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्राची अंधारी खोली आणि रसायनशास्त्राची प्रयोगशाळा समोरासमोर आहेत, मध्ये फक्त व्हरांडा. तिकडे माझा थोरला भाऊ मदतनीस, इकडे मी. त्याला तिथे तीस वर्षं झाली होती, मला चोवीस. वहिनी गेल्यापासून घरीही आम्ही दोघंच. लोक विचारायचे, तुम्हाला एकमेकांचा कंटाळा येत नाही का? दादा म्हणायचा, "येतो की. पण दोघांच्या डब्यात भाजी एकच, भांडून जाणार कुठे?"

मुलं त्याला पिवळे काका म्हणायची. अंधाऱ्या खोलीत सोडियमचा दिवा असतो. तो लावला की आधी गुलाबी दिसतो, मग दहाएक मिनिटांत तापून पिवळाधमक होतो. त्या उजेडात माणसाचे ओठसुद्धा राखाडी दिसतात. दादा दिवसभर त्यातच. बाहेर आला की डोळे मिचकावत उभा राहायचा, बिळातून बाहेर काढलेल्या उंदरासारखा.

त्याचं शिक्षण माझ्याएवढंच, बारावी, तेही मराठी माध्यमातून. पण लाकडी पडद्यामागे बसून त्याने तीस वर्षं तीच व्याख्यानं ऐकलेली. डबा खाताना मला सांगायचा. माझ्याकडे मुलं मीठ ज्योतीत धरतात, ज्योत पिवळी होते. मी ते हजारदा पाहिलेलं, का होते ते विचारलं नव्हतं.

"अणूतल्या इलेक्ट्रॉनला वाटेल तिथे उभं राहता येत नाही," तो म्हणाला. "त्याच्या पायऱ्या ठरलेल्या. या पायरीवर किंवा त्या पायरीवर. मध्ये लोंबकळणं नाही. उष्णता दिली, वीज दिली की वर जातो. परत खाली येताना जेवढी उडी तेवढाच प्रकाश टाकतो. सोडियमची उडी ठरलेली, म्हणून रंग ठरलेला. तुझ्या मिठातलं सोडियम काय आणि माझ्या दिव्यातलं काय. सूर्यातलंसुद्धा तेच सांगतं म्हणे."

"म्हणजे सूर्याभोवती ग्रह फिरतात तसंच ना? शाळेत चित्र होतं."

"तेच चित्र आमच्या विभागाच्या मॅडम पहिल्या दिवशी पुसायला लावतात. तसा फिरत असता तर प्रकाश टाकत टाकत मधोमध जाऊन आदळला असता, अणू उरलाच नसता. तो धुक्यासारखा असतो म्हणे. इथे सापडण्याची शक्यता जास्त, तिथे कमी. एवढंच सांगता येतं."

"एवढं शिकून एवढंच सांगता येतं?"

"तुझ्या पोळीचं तरी आधी कुठे सांगता येतं, फुगेल की नाही," तो म्हणाला.

त्या पिवळ्या रंगाची गंमत अशी की प्रयोगाच्या यंत्राला असलेल्या दुर्बिणीतून तो उभ्या रेषेसारखा दिसतो, आणि नीट पाहिलं तर ती एक रेषा नसते, दोन असतात. अगदी चिकटून, मध्ये केसाएवढं अंतर. इलेक्ट्रॉनला स्वतःची एक फिरकी असते. तो भोवऱ्यासारखा गरगरतो असं नाही, पण नाव तसं पडलंय. ती दोनच तऱ्हेची असते, म्हणून वरच्या पायरीचे जरासे वरखाली असे दोन भाग होतात आणि रेषा दोन दिसतात. या दोन रेषा दिसल्या की मुलं ओरडायची, आणि दादाला दर वर्षी जणू त्यानेच त्या घडवल्यासारखा आनंद व्हायचा.

मागच्या वर्षी एका दुपारी त्याने मला व्हरांड्यातून हाक मारली. "जरा ये गं. दुर्बिणीतून बघ. एक दिसते की दोन?"

मी पाहिलं. "दोन."

"नक्की?"

"दोन आहेत रे दादा. का?"

तो स्टुलावर बसला. म्हणाला, "मला मधोमध नुसता डाग दिसतो. बाजूने बघितलं तर पिवळं काहीतरी आहे एवढं कळतं."

डॉक्टरांनी दृष्टिपटलाचा मधला भाग झिजतोय म्हणून सांगितलं. या प्रकारावर इलाज नाही. कडेचं दिसत राहील, समोरचं जाईल. वाचणं जाईल, चेहरे जातील. किती दिवसांत, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "यांच्यासारख्या शंभर जणांचं काय होतं ते सांगू शकतो. यांचं स्वतःचं नाही सांगता येणार."

दादा हसला. "म्हणजे इलेक्ट्रॉन झालो मी. दिव्यातल्या कोट्यवधी इलेक्ट्रॉनांमधले किती, किती वेळात खाली येतील ते मॅडम फळ्यावर मांडून दाखवतात. अमका एक कधी येईल ते म्हणे कुणालाच सांगता येत नाही."

डॉक्टरांना त्यातलं काही कळलं नाही. मला कळलं, आणि कळून उपयोग नव्हता.

निवृत्तीला दोन वर्षं होती. दादा म्हणाला, कॉलेजात सांगायचं नाही. मला दुसरीकडे बसवतील, आणि त्या खोलीबाहेर मी काय करू? मी गप्प राहिले. सकाळी देवाजवळ दिवा लावताना मी रोज म्हणायचे, त्याची दोन वर्षं निभावून ने. आता वाटतं, मागताना जरा दुसऱ्यांचाही विचार करायला हवा होता.

लपवणं त्याला जमलं, कारण सोडियम बदलत नाही. स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे दुर्बिणीच्या त्या यंत्रावर, काचेची एक चौकोनी पट्टी बसवतात, तिला ग्रेटिंग म्हणतात. तिच्यावर हजारो बारीक रेघा ओढलेल्या असतात. तिच्यातून प्रकाश गेला की प्रत्येक रंग आपल्या ठरलेल्या कोनात वळतो; दुर्बीण फिरवून तो कोन मोजायचा. दादाची पद्धत अशी, की सरळ येणारा किरण बरोबर शून्य अंशावर बसवून ठेवायचा. मग पिवळी रेषा दर वर्षी, प्रत्येक मुलाला, एकाच जागी मिळायची. वीस अंश बावीस मिनिटं; अंशाचा साठावा भाग म्हणजे मिनिट. मुलांना मिनिटांची बारीक पट्टी वाचता यायची नाही. "काका, बघा ना जरा," म्हणायची. तो भिंग घेऊन वाकायचा, थोडा थांबायचा आणि बावीस म्हणायचा. पूर्वी तो खरंच वाचायचा. शेवटच्या वर्षी नुसता वाकायचा. शून्य बसवायला डब्याच्या सुट्टीत मी जायचे. एवढ्यावर आमचं चाललं होतं.

परीक्षेच्या आठवडाभर आधी, शेवटच्या सरावात कुणाच्या तरी हातून ग्रेटिंग पडली आणि फुटली. मॅडमनी कपाटातून नवी काढून दिली. "तशीच आहे," म्हणाल्या आणि मीटिंगला पळाल्या. दादाने ती माझ्याकडे आणली. "कोपऱ्यात बारीक काय लिहिलंय, वाच बरं."

माझ्या हातात आम्लाची बाटली होती. मी म्हटलं, "तशीच आहे म्हणाल्या ना मॅडम? मग? नंतर बघते."

नंतर मी बघितलं नाही. जुनीवर एका इंचात पंधरा हजार रेघा होत्या, नवीवर एका मिलिमीटरमध्ये सहाशे. दिसायला सारख्या, हिशेबालाही जवळपास सारख्या. पण नवीच्या रेघा किंचित दाट, त्यामुळे पिवळी रेषा आता बावीसवर नाही, वीस अंश बेचाळीस मिनिटांवर येत होती.

परीक्षेत प्रत्येकाला वेगळा प्रयोग असतो. सोडियमचा आला तो एका शांत मुलीला. पुढच्या रांगेत बसणारी, वडील बेकरीत कामाला. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या संस्थेत तिला पुढच्या शिक्षणाची जागा मिळाली होती, फक्त हा निकाल लागायचा होता. तिने सगळं नीट लावलं, दोन रेषा पकडल्या, कोन वाचला, लिहिला. मग खात्री वाटेना म्हणून दादाला हळूच म्हणाली, "काका, बेचाळीस येतंय. बरोबर आहे ना?"

परीक्षेत मदतनीसाने बोलायचं नसतं. पण तो वाकला, भिंग धरलं, आणि म्हणाला, "नाही बाळ, चुकलीस. बावीस."

तिने बेचाळीस खोडलं आणि बावीस लिहिलं.

बाहेरून आलेले परीक्षक फिरत फिरत आले. स्वतः दुर्बिणीला डोळा लावला, पट्टी वाचली, बेचाळीस. तिच्या कागदावर बेचाळीस खोडून बावीस. समोरच्या कपाटात जुन्या मुलांच्या वह्या, सगळ्यांत बावीस. ते म्हणाले, "यंत्रावर एक येतं आणि तू दुसऱ्याच्या वहीतलं उतरवतेस? आलेलं खोडून?" ती काही बोलली नाही. कॉपी म्हणून तिचं प्रॅक्टिकल रद्द झालं.

हे मला तिच्याचकडून कळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या प्रयोगशाळेत नळाखाली तोंड धूत उभी होती. मी विचारलं तसं सांगितलं, आणि वर म्हणाली, "मावशी, काकांना बोलू नका. त्यांनी परीक्षेत सांगितलं हे कळलं तर त्यांची नोकरी जाईल."

"अगं, पण तुझं वर्ष?"

"मला नक्की दिसत होतं बेचाळीस," ती म्हणाली. "पण काका तीस वर्षं बघतात ना. मला वाटलं, मीच चुकले."

मी हात पुसत उभी राहिले. सांगितलं तर भाऊ जातो, नाही सांगितलं तर ही पोरगी. कुणाला विचारायचं? नाव घ्यावं तर देवाचं, पण देवाला तरी कुठल्या तोंडाने सांगणार की ग्रेटिंगवरची अक्षरं वाचायला मला फुरसत नव्हती.

डब्याच्या सुट्टीत मी दादाला सगळं सांगितलं. त्याने घास खाली ठेवला.

"बावीसच असतं," तो म्हणाला. "सोडियम कसं बदलेल?"

"सोडियम नाही बदललं. काच बदलली, दादा."

तो उठला, भिंतीला हात लावत तडक मॅडमच्या खोलीत गेला. मी मागून.

मॅडमनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "तुम्ही मला डोळ्यांचं सांगायला हवं होतं."

"सांगून काय झालं असतं?"

"तुम्हाला स्टोअरमध्ये बसवलं असतं."

"तेच," दादा म्हणाला. "ते राहू द्या. त्या मुलीचं काय करायचं ते सांगा."

"काय करू? गुणपत्रक सही करून कालच सीलबंद झालं. परीक्षक गेले. मीही तशीच आहे म्हटलं होतं, ते मी लिहून देते. तुम्ही अर्ज द्या. पण खरं सांगू? काही होईल असं मला वाटत नाही."

अर्ज दादाला स्वतः लिहायचा होता. त्याने लिहायला घेतला; एक ओळ दुसऱ्या ओळीवर चढली. मग तो बोलत गेला आणि मी लिहीत गेले. 'माझ्या दृष्टिदोषामुळे' असं मी लिहिलं तर म्हणाला, "दोष डोळ्यांचा नाही लिहायचा. डोळे जातात. मी न वाचता वाचल्याचं सांगितलं, ते लिही." मी तसं लिहिलं. मॅडमचं पत्र जोडलं. विद्यापीठात तीन ठिकाणी पाठवलं. दोन ठिकाणांहून काही आलं नाही. तिसरीकडून उत्तर आलं, की विद्यार्थिनीने स्वतःचं निरीक्षण खोडलेलं असल्याने निर्णय कायम राहील, पुढच्या वर्षी पुन्हा बसता येईल. तोवर तिकडची जागा दुसऱ्या कुणाला गेली होती.

दादाला त्यांनी काढलं नाही. स्टोअरमध्ये खुर्ची दिली. तिथे काम असं काही नाही. मुलं अजून "पिवळे काका" म्हणून हाक मारत जातात, तो आवाजाच्या दिशेने हात हलवतो.

एका रविवारी तो म्हणाला, "मला तिच्या घरी ने."

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. वडिलांनी दार उघडलं, रात्रपाळी करून आलेले, डोळे लाल. दादाने हात जोडले आणि जे होतं ते सांगून टाकलं, आडपडदा न ठेवता. वडील शेवटी म्हणाले, "अहो, तुम्ही म्हातारे माणूस. तुम्हाला काय बोलायचं? तुमच्याऐवजी दुसरा कोणी असता ना, तर बोललो असतो." मग आत बघून हाक मारली.

ती पाणी घेऊन आली. दादाच्या हातात पेला नीट टेकवला. तिला सगळं माहीत होतं.

"काका," ती म्हणाली, "बेचाळीसच होतं ना?"

"बेचाळीसच होतं, बाळ. तुझं बरोबर होतं."

"मग मी विचारायलाच नको होतं."

"विचारलंस ते चुकलं नाही. मी सांगितलं ते चुकलं."

ती काही बोलली नाही. वडिलांनी चहाचं विचारलं, आम्ही नको म्हटलं, आणि निघालो.

रस्त्यावर आल्यावर दादा माझा दंड धरून चालत होता. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर थांबला.

"ती शेवटी बोलली नाही तेव्हा तिचा चेहरा कसा होता गं? रागावली होती?"

मी पूर्ण वेळ पेल्याकडे बघत होते. तिच्या तोंडाकडे बघायचं धैर्य मला झालंच नव्हतं.

"सांग ना," तो म्हणाला. "मला तेवढंच दिसलं नाही."